दरसान पार्सल होत नाही

सुगंधा परबच्या घरात श्रावण म्हणजे श्रावण. गटारीची भांडी घासून झाली की माशांची कढई आणि विळी पोटमाळ्यावर जायची, फ्रिज सोड्याच्या पाण्याने पुसला जायचा आणि गणपतीचं विसर्जन होईपर्यंत घरात अंड्याचं नावसुद्धा निघायचं नाही. नवरा चंद्रप्रकाश मरोळला कंपनीच्या कँटीनमध्ये काय खातो हे ती विचारत नसे, पण घरात पाऊल टाकल्यावर त्याने आधी चूळ भरायची आणि मग बोलायचं. भांडुपच्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये हा नियम होता आणि गावच्या घरीही थोरली सून म्हणून तिचाच शब्द चालायचा. शिवराक, म्हणजे शाकाहार, पाळावं तर सुगंधाने, असं सासूबाई कणकवलीच्या पंचक्रोशीत सांगत आल्या होत्या.

आणि हीच सुगंधा महिन्यातून एकदा, श्रावणातसुद्धा, मुलुंडला पाच रस्त्याजवळच्या 'लकी बांबू' नावाच्या हॉटेलात धाकट्या जावेबरोबर बसून चिकन मंचाव सूप प्यायची.

ठरवून काही सुरू झालं नव्हतं. धाकटी जाऊ लता मुलुंडलाच राहते. एका दिवाळीआधी दोघी ब्लाउजपीस घ्यायला फिरत होत्या, लताला भुकेने गरगरलं आणि समोर एसी दिसला म्हणून त्या आत शिरल्या. मेन्यूकार्डावर चायनीज, थाय, मलेशियन असं बरंच काही होतं, पण किमती परवडण्यासारख्या होत्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईने 'वन बाय टू' असं म्हणून एक सूप दोन वाट्यांत मागवलेलं लताने ऐकलं आणि तसंच मागवलं. शेवटी, नाव बरं वाटलं म्हणून, दरसान. व्हॅनिला आइस्क्रीमच्या गोळ्याशेजारी मधात घोळवलेल्या, तीळ पेरलेल्या, तळलेल्या पट्ट्यांचा ढीग आला तेव्हा शंकरपाळ्या लाटताना कोणाचा तरी हात बिघडलाय असंच सुगंधाला वाटलं. मग तिने एक पट्टी मोडून खाल्ली, आणि बघता बघता दोघींनी ताटली रिकामी केली.

घरी सांगितलं, मुलुंडच्या टेलरकडे गेलो होतो. टेलर ही फार सोयीची गोष्ट होती. त्याचं काम कधी वेळेवर होत नाही हे प्रत्येक नवऱ्याला ठाऊक असतं, त्यामुळे दर महिन्याला जावं लागलं तरी कोणी काही विचारत नाही. चंद्रप्रकाश एवढंच म्हणे, की हा माणूस धंदा कसा टिकवून आहे कोण जाणे.

घरात सगळ्यांसमोर लता तिला अहो-जाहो करायची. लकी बांबूचं दार लोटलं की 'ताई, तू भिंतीकडे बस' सुरू व्हायचं. तिथे सासूबाईंची नक्कल व्हायची, मुलांच्या मार्कांवर रडून व्हायचं. सुगंधाचं गर्भाशय काढायचं ठरलं तेव्हा तिने ते नवऱ्याच्याही आधी त्या टेबलावर लताला सांगितलं होतं. दरसानमधल्या कडेच्या कुरकुरीत पट्ट्या लताच्या, आइस्क्रीममध्ये भिजून जराशा मऊ पडलेल्या सुगंधाच्या, ही वाटणीही न बोलता ठरून गेली होती. श्रावणाचं म्हणाल, तर त्यावर सुगंधाचं उत्तर तयार असे: चायनीज म्हणजे काही मासे नव्हेत, आणि श्रावण घराला असतो, हॉटेलला नाही. लता म्हणायची, हे एकदा आईंना समजावून सांग, मला बघायचंय.

गेल्या वर्षी गणपतीला गावी सगळं बिघडलं. माजघरात बायका मोदक वळत बसल्या होत्या. लताच्या मुलाने श्रावणात ऑम्लेट खाल्ल्याची बातमी कुठून तरी सासूबाईंपर्यंत पोचली होती. त्या सगळ्यांदेखत लताला बोलू लागल्या. तुझ्या घरात वळण नाही, सुगंधाकडे बघ, पोरं कशी धाकात आहेत. बराच वेळ ऐकून घेतल्यावर लता हसत म्हणाली, ताईंनाच विचारा, श्रावणात चिकनचं सूप किती छान लागतं ते.

 चुलत सासवा, नणंदा, सगळ्या सुगंधाकडे बघायला लागल्या. सुगंधाच्या हातात उकडीची पारी होती.

"मी नुसती सोबत म्हणून बसते," ती म्हणाली. "खाणारी तीच."

लताने वर पाहिलं, आणि परत खाली बघून मोदकाच्या कळ्या पाडायला लागली. तो मोदक पुरा व्हायच्या आत सासूबाईंनी तिला उठवलं. गणपती जाईपर्यंत लताचा हात नैवेद्याला लागला नाही. ती मागच्या पडवीत बसून अख्ख्या घराची भांडी घासत राहिली. तिचा नवरा सीताराम मुंबईला परत येईपर्यंत तिच्याशी धड बोलला नाही. आणि सुगंधा आरतीला पुढे उभी होती.

त्यानंतर लताने सुगंधाचा फोन घेतला नाही. लग्नाकार्यात भेटली की 'बऱ्या आहात ना' म्हणून पुढे जायची. लकी बांबूला जाणं बंद झालं. सुगंधाला वाटत होतं, होईल हळूहळू ठीक. जावाजावांत असं व्हायचंच. पण परवा जेवताना चंद्रप्रकाश म्हणाला, की यंदा गणपतीला सीताराम एकटाच येतोय, लता नाही म्हणते. पुन्हा कधीच येणार नाही असंही म्हणाली म्हणे. सुगंधाने भाकरी तोडून ताटातच ठेवली. एकदा गावची वाट सुटली की लता आपली राहणार नाही, हे तिला लख्ख कळलं.

म्हणून रविवारी दुपारी टेलरकडे जाते सांगून ती निघाली. तिने मनाशी एक सोपा बेत केला होता. लकी बांबूमधून दरसान पार्सल घ्यायचं, लताच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे द्यायचं आणि रिक्षाने परत फिरायचं. लताला काय समजायचं ते समजेल. बोलायला नको.

आत ती नेहमीच्या भिंतीकडच्या खुर्चीवर बसली. बाळा ऑर्डर घ्यायला आला. हा त्यांच्याच गावाकडचा, पन्नाशीचा वेटर. त्यांची ऑर्डर त्याला पाठ होती. तो नुसतं 'वहिनी?' म्हणाला आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, चिकन मंचाव, वन बाय टू.

दोन वाट्या आल्या. एक तिच्यासमोर, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. दुसरी उचलायला सांगावं म्हणून तिने मान वर केली, पण बाळा दुसऱ्या टेबलाकडे गेला होता. तिथे एक गुजराती कुटुंब कांदा-लसणाशिवाय शेजवान राइस होईल का याची चौकशी करत होतं. सुगंधाने आपल्या वाटीतले दोन चमचे घेतले. समोरच्या वाटीतली वाफ हळूहळू कमी होत गेली. तिला पुढे पिववेना. बाळा परत आल्यावर तिने दरसान पार्सल करायला सांगितलं.

"दरसान पार्सल होणा नाय, वहिनी," बाळा म्हणाला. "घराकडे जायसर मऊ पडता. मगे लोका येवन आमच्याशी भांडतत."

तिने आग्रह केला, जवळच न्यायचंय, इथेच, वीणानगरला. बाळाने मान हलवली. आइस्क्रीमचं काय करणार, आणि मालक ऐकणार नाही. हवं तर लिची देतो, खजुराचं पॅनकेक देतो, ते टिकतं. मग समोरच्या भरलेल्या वाटीकडे बघून त्याने विचारलं, त्या वहिनी मागून येतायत का?

 सुगंधाने पर्समधून फोन काढला आणि लताला लावला. दोन रिंगमध्ये तिकडून कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मेसेज करायला घेतला, तर 'लता' एवढ्यापुढे काही सुचेना. शेवटी तिने सीतारामचा नंबर लावला. तो घरीच होता, मागे टीव्ही चालू होता. वहिनींचा फोन आणि तोही थेट आपल्याला, म्हणून त्याने आधी दादा बरा आहे ना, असं घाबरून विचारलं.

"सगळे बरे आहेत, भावोजी," सुगंधा म्हणाली. "मी मुलुंडला चायनीजमध्ये बसलेय. चिकनचं सूप मागवलंय."

सीताराम म्हणाला, "आज? श्रावणात?"

"दर श्रावणात. लताला मीच ओढून आणायचे. गणपतीला मी सगळ्यांसमोर खोटं बोलले, आणि भांडी तिने घासली." शेजारच्या टेबलावरचं शेजवानचं बोलणं थांबलं होतं, पण तिने आवाज खाली आणला नाही. "आईंना मी स्वतः सांगणार आहे. तुम्ही दादांना आत्ता सांगितलंत तरी चालेल. लताला एवढंच सांगा, इथे दरसान पार्सल देत नाहीत. तिला यावं लागेल."

टीव्हीचा आवाज बंद झाला. मग फोन ठेवला गेला.

ती बसून राहिली. गुजराती कुटुंबाचा राइस आला. कोणा कॉलेजच्या मुलीच्या वाढदिवसाला वेटरांनी टाळ्या वाजवल्या. सूपवर साय धरली. बाळा बिल आणू का विचारायला आला नाही. तो लांबूनच दाराकडे बघत होता.

दार लोटून लता आत आली ती घरातल्या ड्रेसवर, केसांना नुसता क्लचर लावलेला, पायात स्वयंपाकघरातल्या सपाता. खुर्ची ओढून बसली. सुगंधाकडे न बघता तिने वाटीत चमचा घातला आणि तोंडाला लावला.

"गार झालंय," ती म्हणाली.

बाळा येऊन दोन्ही वाट्या उचलून गरम करायला घेऊन गेला. सुगंधाने बोलायला तोंड उघडलं, तर लताने हातानेच थांबवलं. सीतारामने फोन स्पीकरवर टाकला होता, तिने सगळं ऐकलं होतं. ऐकूनही ती सपाता घालून दाराशी उभी राहिली होती, जावं की नको म्हणून. नवऱ्याने लिफ्ट बोलावली तेव्हा कुठे निघाली.

सूप परत आलं. दोघींनी ते संपवलं. मग दरसान आलं. पट्ट्यांवरचा मध अजून चमकत होता. सुगंधाने ताटली फिरवून कुरकुरीत बाजू लताकडे केली. लताने लगेच हात लावला नाही.

"भांडी मी घासणार नाही," ती म्हणाली.

"मी घासीन."

"आणि आईंना फोनवर नाही सांगायचं. तिथे. माजघरात. सगळ्या असताना."

सुगंधाला सासूबाईंचा चेहरा दिसला, चुलत सासवांचे, नणंदांचे, आरतीची पुढची जागा दिसली. तिने मान हलवली. "मोदक वळताना सांगते."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. चंद्रप्रकाश. सीतारामने भावाला कळवायला वेळ लावला नव्हता. लता म्हणाली, घेऊ नको. सुगंधाने घेतला.  पलीकडून त्याने जपून विचारलं, की तो टेलर आहे तरी का?

"नाही," सुगंधा म्हणाली. "कधीच नव्हता. जेवून घ्या, मला उशीर होईल."

लताने कडेची एक पट्टी मोडली.