मामाला दिलेलं पाणी

एटापल्लीकडच्या पंधरा वर्षांच्या रीनाचं लग्न मामानं स्वतःच्या पोराशी जबरीनं ठरवलं, तशी ती पळाली. गोंडपिपरीत गावानं वर्गणीवर चालवलेल्या पोरींच्या आसऱ्यात, तो सांभाळणाऱ्या सीताबाईंनी तिला ठेवून घेतलं. तरी कडी वाजली की पोरगी मागच्या खोलीत पळे.

अन् एका सकाळी मामाच दारात! सीताबाईंनी आधी त्याच्या हातात पाण्याचा गडवा दिला. तिच्या गावी मुलगी मागायला आलेल्याला पाणी दिलं, की होकार झाला!

"मले देऊन टाकलं का जी त्याले?" ती रडायलाच लागली.

"काऊन वं, तहानेल्याले पाणीबी नाई द्याचं?" सीताबाई मामाकडे वळल्या. "भाऊ, पाणी प्या अन् वाटेले लागा. पोरगी इथीच राह्यते. पोलिसाईले सांगून ठेवलं हाय."

मामा पुटपुटत गेला. गडव्यात उरलेलं पाणी रीनानं कढीपत्त्याच्या झाडाला ओतलं, अन् दार लावून कडी दोनदा ओढून पाहिली.