मान धर गो

प्रशिक्षिकेच्या जागेसाठीच्या अर्जात ‘शिक्षण’ भरून झालं आणि ‘अनुभव’पाशी पेन अडलं.

सत्त्याण्णव साली मुरबाडजवळच्या पाड्यावर माझी पहिली पालकसभा होती. अंगणवाडीत ओल्या दुपट्यांचा वास कोंडला होता. तान्ह्या बाळाला कसं सांभाळावं, हे मी वहीत बघून सांगत होते. समोरच्या बाईने मध्येच विचारलं, “बाय, तुला पोरं किती?”

“समाजकार्यात एमए झालंय माझं,” मी म्हणाले.

“मंग धर,” म्हणत तिने आपलं महिन्याचं बाळ माझ्याकडे दिलं. त्याची मान मागे कलंडली.

“मान धर गो आधी!” तिनेच माझा तळहात त्याच्या डोक्याखाली सरकवला.

तिचं नाव विचारायचं राहिलं. आज अनुभवाच्या रकान्यात तेच लिहायला हवं होतं.