आमच्या घोडेस्वाराला राजपुत्र केलं

बाबांच्या तरुणपणी मारधाडीच्या काळ्यापांढऱ्या सिनेमांची एक मालिका होती. नायक तबेल्यात वाढलेला, आईबापाचा पत्ता नाही. दर सिनेमात कोणीतरी सरदार त्याला दरडावायचा, "किसका बेटा है?" तो म्हणायचा, "अपना," आणि घोड्यावर टांग टाकायचा. थिएटर शिट्ट्यांनी दणाणायचं.

छप्पन्नला आमचं घर बौद्ध झालं. गिरणीत जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, बाबांना सगळ्यांदेखत खिजवलं, "आता कोणाचा झाला गा तू?" बाबा म्हणाले, "अपना." ही गोष्ट आम्ही त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकली असेल.

सत्तर सालच्या सुमारास तोच घोडेस्वार नवा नट घेऊन, रंगीत होऊन सदरच्या थिएटरला लागला. बाबा इस्त्रीचा सदरा घालून मला, थोरल्या लेकीला, घेऊन गेले. शेवटी काय झालं? दंडावरचा तावीज तुटला, राणीनं ओळखलं, हा तर हरवलेला राजपुत्र. प्रधान म्हणाला, खानदानी रक्त लपत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी नाही. सायकलचं कुलूप काढताना एवढंच म्हणाले, "तोही राजाचाच निघाला वं."

त्यानंतर त्यांनी गिरणीची गोष्ट सांगणं बंद केलं. धाकट्या भावानं मागितली तरी, "जाऊ दे." मला ती गोष्ट घरात परत हवी होती.

आमचं वस्तीतलं मंडळ पत्रकं काढायचं ती सिनेमाच्या जाहिरातींच्या पाठीवर. टांग्यातून वाटलेले गुलाबी कागद, मागून कोरे, फुकट. या सिनेमावर पत्रक काढायला मी त्याचेच कागद गठ्ठाभर जमवले. मंडळाचे सचिव भडकले.

"पिक्चरवर पत्रक? नळाचं कोण लिहीन?"

"नळाचं मागच्याच हप्त्यात लिहिलं. पाणी आलं काय?"

मी छपाईची स्टेन्सिल कापण्याआधी मजकूर बाबांना दाखवला. 'सरंजामी मनोवृत्तीचा निर्लज्ज आविष्कार' वगैरे, चांगला पानभर.

"हे कोण वाचून राहिलं वं? चालता माणूस किती वेळ थांबते?"

"मग तुम्ही सांगा."

बाबांनी कागद मला परत दिला. "लिही. हा आपला होता. यायनं राजाचा केला. काहून?"

मला ते फार कमी वाटलं. तरी तेवढंच छापलं, मोठ्या अक्षरात.

रविवारी तीनच्या खेळाला आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो. बाबांनी माझं एकही पत्रक त्याआधी वाटलं नव्हतं. थिएटरचा डोअरकीपर आला, बाबांच्या हातातला गठ्ठा ओढला. "कोणाची माणसं तुम्ही? कोणत्या पार्टीची?"

बाबांनी गठ्ठा सोडला नाही. "अपनी," ते म्हणाले.

रांगेतलं कोणीतरी हसलं, एकानं हात पुढे केला. मी त्याच्या हातात पत्रक दिलं, मग त्याच्या मागच्याच्या. त्या दिवसाचे आणखी दोन खेळ बाकी होते आणि गुलाबी कागद भरपूर होते.