तांब्याभर न गाळलेलं पाणी

सभांमध्ये माझी ओळख करून देताना हल्ली 'समाजकार्य आणि आरोग्य या क्षेत्रांतले ज्येष्ठ संशोधक' असं काहीतरी भारदस्त म्हणतात. हिंगोलीकडच्या गावांत मात्र मी 'नारूवाला साहेब' आहे. ते नाव कसं पडलं असं कुणी विचारलं की मी चष्मा पुसतो, खोकतो आणि विषय बदलतो. एवढा बोलघेवडा माणूस मी, पण तिथं तोंड उघडत नाही. लाज वाटते.

ज्यांनी नारू पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बारवेच्या पाण्यात जेमतेम दिसतील असे किडे असतात. ते पाण्याबरोबर पोटात गेले की नारूचं बीज अंगात शिरतं आणि वर्षभर गुपचूप वाढतं. मग एक दिवस पायावर फोड येतो, नुसती आग आग होते, फोड फुटतो आणि पांढऱ्या दोऱ्यासारखी अळी बाहेर डोकावते. ती काडीला गुंडाळून रोज थोडी थोडी काढायची. घाईत तुटली तर पाय सुजून माणूस खाटेला लागलाच म्हणून समजा. निजामाच्या राज्यातल्या आमच्या मुलखात पायऱ्यांच्या बारवा पुष्कळ. नारूवाला माणूस पायाची आग शमवायला त्याच पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडायचा, अळी तिथंच बीज टाकायची आणि शेजारीच बाया घागरी भरायच्या.

मी मुंबईला समाजकार्य शिकून परत आलो होतो. हैदराबादच्या एका संस्थेनं मला साखरा गावाच्या वाटेवरच्या एका कोरडवाहू गावात पाठवलं. काम साधं होतं. दुहेरी फडक्यातून गाळलं की किडा वर राहतो, हे डॉक्टरांना ठाऊक होतंच. पण गावातल्या बाया रोजच्या रोज पाणी गाळतील का, आणि गाळलं तर गावातला नारू हटेल का, हे मला बघायचं होतं. हटला तर तोच उपाय गावोगाव नेता येणार होता.

मी धोतराचे चौकोनी तुकडे वाटले. एक स्वतःच्या खिशात ठेवला. कुणाच्याही घरी पाणी आलं की तो काढायचा, ऐटीत भांड्यावर धरायचा, गाळायचं, एक छोटंसं व्याख्यान द्यायचं आणि मग प्यायचं. पाटलांच्या घरीसुद्धा चारचौघांत मी त्यांचं पाणी गाळून प्यालो. पाटील हसले, पण त्यांच्या मिशा हसल्या नाहीत.

गावाच्या टोकाला एका धनगरीण म्हातारीचं घर होतं. लेक आणि सून मेंढरं घेऊन रानोमाळ, घरी ती एकटी. पुढं छपराची सावली, म्हणून येणारीजाणारी तिथं टेकायची. मी भर दुपारी पोचलो. तिनं तांब्या राखेनं घासला, रांजणातून भरला, माझ्यापासून हातभर लांब भुईवर ठेवला आणि स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली. माझ्या जातीची माणसं तिच्या हातचं घेत नाहीत, हे ती जन्मापासून बघत आली होती. मीही बघत आलो होतो. आमच्या दारी असं कुणी पाणी मागायला आलं की आई उंचावरून ओंजळीत धार सोडायची आणि भांडं कुठं टेकत तर नाही ना, याकडे डोळ्यांत तेल घालून बघायची. त्या धारेची मला शाळेत असल्यापासून चीड होती.

सवयीनं माझा हात खिशात गेला. म्हातारी त्या हाताकडे बघत होती. माझ्या मनात आलं, आता फडकं काढलं तर हिला किडा दिसणार नाही, आमच्या घरचं सोवळंच दिसेल. हात रिकामाच बाहेर आला. मी तांब्या उचलला आणि तोंड लावून घटाघटा प्यालो.

"गाळलं न्हाई, लेकरा?" ती म्हणाली.

"तुमच्या घरचं पाणी काय गाळायचं, आजी!"

पाणी गाळा म्हणून सांगत फिरणाऱ्या माणसाचं हे वाक्य! पण त्या दिवशी मला स्वतःचं कोण कौतुक वाटलं. मुक्कामाच्या खोलीपर्यंत मी शीळ घालत गेलो.

म्हातारीनं ती गोष्ट गावभर केली. बारवेवर, बाजारात, देवळापुढं, जिथं चार बाया भेटतील तिथं. "पाटलाच्या घरचं पाणी सायबानं गाळलं. माझ्या घरचं तसंच पेले, तांब्याला तोंड लावून!" माझ्या कानावर आलं की मी ओशाळल्यासारखं करायचो आणि आतून फुलायचो.

वर्ष गेलं. बहुतेक घागरींच्या तोंडावर फडकी आली. उन्हाळा तोंडावर होता, बारवेचं पाणी खाली जाऊन गढूळ व्हायचे दिवस. नेमकं तेव्हाच गाळणं चालू राहायला हवं होतं. आणि तेव्हाच माझ्या उजव्या घोट्यावर आग व्हायला लागली.

फोड यायच्या आधीच मला कळलं. इतक्या लोकांचे पाय पाहिले होते, स्वतःचा ओळखू येणार नाही होय? मी पट्टी बांधली आणि वर जाड पायमोजे चढवले. त्या उन्हात पायमोजे घातलेला माणूस बघून पोरं मागं फिरायची. कुणी विचारलं तर काटा मोडलाय म्हणायचो. खोलीचं दार लावून अळी काडीला गुंडाळताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

लपणार किती दिवस? एका सकाळी बारवेवर बायांशी बोलता बोलता माझा पाय पायरीवरून घसरला, पायमोजा भिजला, पट्टी सुटली आणि काडी लोंबायला लागली.

"अगं बाई, सायबालाच नारू!"

कुणीतरी हसलं आणि मग सगळी बारव हसली. "गाळून गाळून पेले, अन् यांनाच निघाला!" एकीनं तिथल्या तिथं घागरीवरचं फडकं ओढून कमरेला खोचलं. दुसऱ्या दिवशी माझी फडकी भाकऱ्या बांधून शेतात चालली होती. त्यांना हसू येत होतं यात त्यांचं काय चुकलं? मला मात्र मान वर करता येईना.

खरं सांगितलं असतं तर सगळं मिटलं असतं. त्या वर्षात न गाळलेलं पाणी मी एकाच घरी प्यालो होतो. पण ते सांगायचं म्हणजे त्या म्हातारीच्या रांजणाकडे बोट दाखवायचं. ते माझ्यानं होईना. दोन्हीकडून कानकोंडा झालो होतो.

पाटलांनी चावडीवर बोलावलं. निम्मं गाव जमलेलं. पाटलांचे डोळे चमकत होते. "काहून हो सायेब, तुमचं गाळलेलं पाणी पिऊन बी नारू येऊन राहिला, मंग आमच्या बायकांनी तकलीफ काहून घ्यावी?"

"नक्की सांगता येत नाही," मी पुटपुटलो. "कुठंतरी प्यायलं गेलं असेल तसंच."

मागं बायांच्या घोळक्यात हालचाल झाली. म्हातारी पदर सावरत पुढं आली होती.

"कुठंतरी न्हाई," ती म्हणाली. "माझ्या घरी पेले. वरीसभर मीच सांगत फिरले न्हाई का तुमाला? पाटील, तुमच्या घरी गाळलं, माझ्या घरी न्हाई गाळलं. म्हनून निघाला. फडकं खोटं न्हाई. माझ्या रांजनात किडा व्हता."

ज्या गोष्टीचा तिला अख्ख्या जन्मात सगळ्यांत जास्त अभिमान वाटला, तीच तिनं चावडीवर अशी उलटी करून ठेवली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. मी नुसता बसून होतो. उठून 'चूक माझी, हिची नव्हे' एवढं म्हणायला काय झालं होतं मला?

फडकी पुन्हा घागरींवर आली. पुढच्या उन्हाळ्यांत गावातला नारू कमी होत गेला, माझं काम वाखाणलं गेलं, दुसरी गावं मिळाली, मग मोठ्या जागा. मी पुढं जे काही झालो ते चावडीवरच्या तिच्या त्या चार वाक्यांवर.

आणि तिच्या घरचं पाणी लोकांनी सोडलं. सगळ्या गावाचं पाणी एकाच बारवेचं, हे मी घरोघर जाऊन सांगितलं. बाया माना डोलवायच्या. पण कुणाच्या घरचं पाणी टाळायचं, ही विद्या आमच्याकडे पिढ्यानुपिढ्या पक्की मुरलेली. त्या विद्येला फक्त एक घर मिळायला हवं होतं, ते मी दिलं. छपराच्या सावलीत बाया टेकायच्या, म्हातारी तांब्या आणायची आणि त्या म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या आजी, तहान न्हाई." हे मी लांबून बघितलं आणि दुसऱ्या गल्लीनं गेलो. काम संपलं तेव्हा तिचा निरोपही न घेता बैलगाडीत बसलो.

पुन्हा गेलो तो निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात. तालुक्याचे दोन कार्यकर्ते बरोबर होते. त्यांना आदर्श गाव दाखवायचं होतं. पाय आपोआप त्या टोकाकडे वळले. म्हातारी छपराखाली बसली होती, डोळ्यांना कमी दिसत होतं. मी हाक मारली, तेव्हा आवाजावरून तिनं ओळखलं.

"नारूवाले सायब का?"

"व्हय, आजी."

ती भिंतीला धरून आत गेली. तांब्या घेऊन आली, त्यावर धुवट फडकं धरलं आणि आम्हां सगळ्यांसमोर हळूहळू रांजणातलं पाणी त्यात ओतलं. निम्मं खाली सांडलं. मग तांब्या माझ्या हातात दिला.

"पी आता. गाळलंय, बघ."

मी प्यालो. तांब्या कार्यकर्त्यांपुढं केला. आमच्याबरोबर आलेल्या गावकऱ्यानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. एकानं घड्याळात पाहिलं. दुसरा म्हणाला, "नको, आत्ताच घेतलंय."

म्हातारीनं ते ऐकलं. तिनं तांब्या परत घेण्यासाठी हात पुढं केला आणि हसून म्हणाली, "लई दिसांनी कुनी पेलं बाबा या घरी."

मी तांब्या तिच्याकडे दिला नाही. उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं आणि म्हणालो, "आजी, आणखी एक द्या."

मला तहान नव्हती.