गाडी रिकामीच हाय

फोन भाऊसाहेबांच्या आईने उचलला. मी म्हटलं, "मावशी, सातपूरहून टायरवाले काका बोलतोय. भाऊसाहेबांची स्टेपनी माझ्याकडे राहिली. त्यांना द्या जरा फोन."

"तो नाय घरी. फोन इथंच चार्जिंगला इसरून गेला बघा. सगळे गडावर गेलेत देवीला. नातवाचं जावळ हाय ना आज."

"कशाने गेले?"

"आपली पिकअप हाय की. बावीस माणसं हायत. तुम्हीच तर काल नवी चाकं बसवली."

रविवारची सकाळ होती, नऊ वाजले होते. माझ्या हातात चहाचा ग्लास होता. तो मी तसाच खाली ठेवला. अठ्ठावीस वर्षं टायरचा धंदा करतोय. गाडी कशी चालवू नये हे लोकांना ओरडून ओरडून सांगताना घसा बसलाय माझा. पण त्या दिवशीइतका मी कधी घाबरलो नव्हतो.

का घाबरलो ते कळायला आदल्या दिवशीचं सांगायला हवं.

भाऊसाहेब हे त्यांचं नावच आहे, पदवी नाही. निफाडकडचे द्राक्षबागायतदार. सात-आठ वर्षं जुनी पिकअप. बागेत जाणारा रस्ता काळ्या मातीचा, पाऊस झाला की गाडी पोटावर बसते. त्यात त्यांच्या चुलतभावाने त्याच्या पिकअपला मोठे टायर टाकले होते आणि ती गाडी दिसतेही रुबाबदार. झालं. शनिवारी दुपारी हे माझ्या दारात हजर. म्हणाले, "काका, एक नंबर मोठे टाका. आजच पायजेत."

टायरवर जे आकडे असतात ते कोणी वाचत नाही. यांच्या टायरवर २१५/७५ आर १५ लिहिलं होतं. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे त्या रुंदीच्या पंचाहत्तर टक्के टायरची उंची. १५ म्हणजे आतली लोखंडी रिम पंधरा इंची. ह्यांना हवे होते २३५ चे. म्हणजे चाक दोन सेंटिमीटरने रुंद झालं आणि एकूण उंचीने जवळजवळ तीन सेंटिमीटर वाढलं. ऐकायला काहीच वाटत नाही. पण चाक वाढलं की मीटर कमी वेग दाखवतो, ब्रेकला जोर जास्त लागतो, आणि मुख्य म्हणजे चाकाच्या वरची मोकळी जागा कमी होते. गाडीवर वजन पडलं की पाटे दबतात, म्हणजे चाकांवरच्या त्या वाकलेल्या लोखंडी पट्ट्या, आणि अख्खी बॉडी खाली चाकावर येते.

म्हणून माझा नियम आहे. मोठे टायर टाकले की गाडीत वाळूच्या गोण्या भरायच्या आणि चाकाच्या वर हात घालून बघायचं. भरल्या गाडीला चार बोटं तरी जागा राहिली पाहिजे. ते बघितल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

त्या दिवशी मी तो नियम मोडला. भाऊसाहेबांना घाई होती, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाईक जाईल अशी मलाही धास्ती होती. गोण्या भरल्या नाहीत. रिकाम्या गाडीला हात घातला, पाच बोटं जागा निघाली. शिवाय भाऊसाहेबांनी गावच्या वेल्डरकडून बॉडीखाली जाड लोखंडी अँगल मारून घेतला होता, त्याचे दोन बोल्ट डाव्या मागच्या चाकाच्या बरोबर वर लोंबत होते. ते कापायला हवे होते. पण शनिवारी सातपूरच्या कारखान्यांना सुट्टी असते, त्यामुळे शेजारचा वेल्डर बंद. मग मी मधला मार्ग काढला. म्हटलं, "सोमवारी या. बोल्ट कापू, गोण्या भरून बघू. तोपर्यंत गाडी रिकामी चालवायची. एकदम रिकामी. कळलं का?"

"रिकामीच हाय काका," भाऊसाहेब म्हणाले. "सोमवारपर्यंत मालच नाय."

मी खूश. प्रत्येक नट कसून झाल्यावर मी त्याच्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारतो, नट सैल झाला तर रेघ सरकलेली दिसते. ती मारली आणि गाडी सोडली.

आता त्या गाडीत बावीस माणसं होती आणि ती गडाच्या घाटाला निघाली होती. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नसतात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे बसवतात. माझं स्वतःचं वऱ्हाड टेम्पोतून गेलं होतं, मी कोणाला काय शिकवू?

मावशी फोनवरच होत्या. "का हो, काय झालं? आवाज का असा येतोय?"

काय सांगायचं त्या बाईला? तुमचा नातू बसलाय त्या गाडीचं चाक फाटेल म्हणून? मी आवाज सरळ केला आणि म्हटलं, "काही नाही मावशी. स्टेपनी राहिली ना, म्हणून. दुसऱ्या कोणाकडे फोन असेल तर नंबर द्या, सांगून ठेवतो."

त्यांनी धाकट्या मुलाचा नंबर दिला. लावला, तर बंद. पुन्हा लावला, तरी बंद. दहा वेळा लावला असेल. ती एकच बाई दर वेळी त्याच गोड आवाजात तेच सांगत होती.

मग मला सलीमभाई आठवले. घाटाच्या पायथ्याला, नांदुरीला, त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. त्यांच्या दुकानातलं सगळं सामान माझ्याकडून जातं. त्यांना फोन केला आणि सांगितलं, पांढरी पिकअप थांबवा. ते म्हणाले, "काका, रविवार आहे. इथून पांढऱ्याच पिकअप जातात सगळ्या. कोणती थांबवू?"

"चाकाच्या नटांवर पिवळी रेघ असेल."

"तुमचीच रेघ ना? ओळखतो मी ती," ते म्हणाले आणि दुकान तसंच उघडं टाकून रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

मी स्टेपनी माझ्या गाडीच्या डिकीत टाकली आणि दिंडोरीच्या रस्त्याने सुटलो. तो तासभर मी कसा काढला ते माझं मला माहीत. डोळ्यांसमोर फक्त ते दोन बोल्ट होते. खड्ड्यात गाडी आपटली की टायर वर येणार, बोल्टला घासणार. दर फेरीला थोडा थोडा कापला जाणार. कुठल्या खड्ड्याला फुटेल याचा नेम नाही. वळणावर भरल्या गाडीचं मागचं चाक फुटलं की गाडी एका बाजूला बसते, आणि मागे उभी असलेली माणसं सगळी त्याच बाजूला जातात. मी एकटाच गाडीत होतो तरी मोठ्याने बोलत होतो. स्वतःलाच शिव्या देत होतो. सहा गोण्या वाळू भरायला किती वेळ लागला असता? वीस मिनिटं.

दिंडोरी सोडल्यावर सलीमभाईंचा फोन आला. मी गाडी बाजूला घेतली.

"काका, गेली ती."

"गेली म्हणजे?"

"थांबलीच नाही. मी हात केला, ओरडलो. त्यांना वाटलं वर्गणी मागतोय. मागची बायामाणसं हात हलवून देवीचा जयजयकार करत गेली. पिवळी रेघ होती, बघितली मी. मी गाडी काढतोय मागून."

फोन बंद झाला. त्यानंतरची सात-आठ मिनिटं मी विसरू शकत नाही. समोरून एक रुग्णवाहिका आली. ती रिकामी होती, भोंगासुद्धा वाजत नव्हता. तरी मी ती आरशात दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.

मग फोन वाजला. सलीमभाईंनी दुसऱ्या वळणाच्या आधी पिकअपला गाठलं होतं आणि आपली मोटारसायकल सरळ रस्त्यात आडवी घातली होती. भाऊसाहेब भडकले होते, मुहूर्त चुकतोय म्हणत होते. सलीमभाईंनी फोन त्यांच्या कानाला लावला.

मी म्हटलं, "भाऊसाहेब, मी काय सांगितलं होतं? सोमवारपर्यंत गाडी रिकामी चालवायची."

"रिकामीच हाय की काका. एक क्रेट नाय गाडीत."

"आणि माणसं?"

ते म्हणाले, "माणसं म्हणजे माल हाय का?"

उद्धटपणा नव्हता त्यात. ते खरंच विचारत होते. त्यांच्या घरात भरली गाडी म्हणजे द्राक्षाचे क्रेट. क्रेट नाहीत म्हणजे गाडी रिकामी. आपल्या घरच्या लेकराबाळांना कोण वजन म्हणतं?

मी म्हटलं, "सगळ्यांना खाली उतरवा. मग डाव्या मागच्या चाकावर हात फिरवा."

दारं उघडल्याचे, बायकांच्या कुजबुजीचे, पोराच्या रडण्याचे आवाज आले. मग भाऊसाहेबांचा आवाज आला, अगदी बारीक. "काका, खाच पडली हो. बोट आत जातंय. दोरे दिसत्यात."

दोरे म्हणजे टायरच्या आतलं कापड. ते दिसलं की टायर संपला. अजून वर घाटाची सगळी वळणं बाकी होती.

मी पोचलो तेव्हा सगळे रस्त्याच्या कडेला, डोंगराच्या बाजूला बसले होते. ज्याचं जावळ होतं ते पोरगं आईच्या मांडीवर झोपलं होतं, डोक्यावर भरगच्च केस. भाऊसाहेबांनी मला बघितलं आणि नुसते हात जोडले. मी त्यांना ओरडणार होतो, वाटेत तशी तयारीही केली होती. पण ओरडलो नाही. मी चाकाकडे तोंड करून खाली बसलो, आणि सगळ्यांना वाटलं मी टायर बघतोय.

मंडळी भाड्याच्या जीपगाड्यांनी वर गेली. जावळ झालं, मुहूर्त तासभर चुकला. आम्ही फाटलेल्या टायरच्या जागी जुनी छोटी स्टेपनी लावली आणि पिकअप हळूहळू खाली सलीमभाईंच्या दुकानापर्यंत आणली. या वेळी खरोखरच रिकामी. सोमवारी बोल्ट कापले आणि टायर मूळ मापाचेच टाकले, फक्त खोल नक्षीचे, चिखलात पकड घेणारे. भाऊसाहेबांचं काम अशा टायरनेच झालं असतं हे मला शनिवारीही माहीत होतं. हौसेला मोल नसतं म्हणून मी गप्प बसलो होतो.

भाऊसाहेबांबरोबर त्यांची आईही आली होती, गडावरचा प्रसाद घेऊन. गुडघ्यांमुळे पायरी चढता येईना, म्हणून मी खुर्ची बाहेर आणली. प्रसाद हातावर ठेवताना त्या म्हणाल्या, "काल तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला घाबरवायचं नव्हतं."

"मी घाबरलेच होते. तुमचा आवाज ऐकूनच. फोन ठेवल्यापासून पोरं परत येईस्तोवर पाण्याचा घोट नाय घेतला. खरं सांगितलं असतं तर सुनेचा नंबर दिला असता. ती पुढंच बसली होती, भाऊसाहेबाच्या शेजारी, फोन हातात घेऊन. पण स्टेपनीसाठी परक्या माणसाला सुनेचा नंबर कोण देतं?"

मी प्रसाद तोंडात टाकला आणि त्यांना हात जोडले.

आता दुकानात मी 'गाडी रिकामी' असं कोणाला म्हणत नाही. सरळ विचारतो, उद्या गाडीत कोण कोण बसणार आहे. लोकांना वाटतं, काका फार चौकशा करतात. आणि फोनवर कोणी विचारलं काय झालं, तर जे झालं ते सांगतो.