रस्ता बंद, नवरदेव भलताच

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात मी एका भलत्याच नवरदेवाचे पाय धुतले.

आणि धुतले तेही कसे, अगदी बोटांच्या बेचक्यांपर्यंत! वडील वारलेले, त्यामुळे सीमांतपूजन मी आणि माझ्या बायकोनं करायचं होतं. व्याही कल्याणचे, भलतेच मानी. लग्न ठरतानाच त्यांनी बजावलं होतं, "मास्तर, वेशीवर आमचा मान राहिला नाही तर आम्ही आल्या पावली परत!" यमू म्हणजे आमचा जीव. गोरज मुहूर्तावर नवरा वेशीवरूनच परत गेला असता, तर त्या पोरीनं पुढं तोंड कुठं दाखवायचं?

म्हणून तर मी शहाणपणा केला. कर्जत स्टेशनापासून खालापूरकडे येणारा आमचा रस्ता असा, की बैलगाडीत बोलू जावं तर जीभच चावली जायची. व्याह्यांना धक्के नकोत म्हणून सबंध थंडीभर मी लोकल बोर्डाच्या ओव्हरसियरच्या मागे लागलो. शेवटी तो कंटाळला आणि त्यानं रस्ता करायला घेतला. नेमका लग्नाच्या दिवशी!

सकाळी बघतो तो काय, रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या, वर लाल फडकं, आणि खडीवर दगडी रूळ फिरतोय. (रूळ ओढणाऱ्या बैलांत एक जोडी आमचीच!) मी धावत जाऊन रस्त्यावरच्या मुकादमाला गाठलं.

"मुकादम, अहो, आज आमच्याकडं लग्न आहे!"

"आसंल की. गाड्या खालनं, खाचरांतनं जातील."

मी डोकं चालवलं. (तिथंच चुकलं.) वऱ्हाड खाचरांतून येणार म्हणजे पुढच्या वेशीऐवजी मागच्या, मारुतीच्या वेशीवर येणार. लगेच पाट, तांब्या, ताम्हण, मानाचं धोतर, सनईवाले, सगळा लवाजमा तिकडं हलवला.

उन्हं कलली आणि धुरळा उडवीत गाड्या आल्या. पहिलीत नवरदेव! मुलगा मी एकदाच पाहिलेला, तोही खाली मान घालून बसलेला. आता तर तोंडावर मुंडावळ्यांचा पडदा. सनई सुरू झाली, मी त्याला हाताला धरून पाटावर बसवला. तो गोंधळला, पण बसला.

बायको माझ्या कानाशी लागली, "अहो, विहीणबाई कुठं दिसत नाहीत!"

"मागच्या गाडीत असतील. तू पाणी घाल!"

पाय धुतले, गंध लावलं, नारळ दिला, खांद्यावर धोतर घातलं. सनई थांबली आणि एक म्हातारबाबा गहिवरून पुढं आले.

"सरकार लई सुदारलं बाबा! आमी रस्ता बंद म्हनून शिव्या घालीत आलो, आन् हितं पाय धुवाया मानसं ठिवल्यात!"

मी हबकलो. "तुम्ही... कल्याणचे ना?"

"नाय रं, कळंबचे! लगीन पुढल्या गावात हाय."

माझ्या हातातलं ताम्हण खाली पडलं. तेवढ्यात चुलतभाऊ बापू धापा टाकीत आला. "दादा, व्याही पुढच्या वेशीवर बसलेत! गाड्या वळवा म्हणताहेत!"

"अरे, पण रस्ता बंद आहे ना?"

"मुकादमानं फांद्या काढल्या. म्हणाला, मला मागनं कळलं, मास्तरांनीच रस्ता मागितला, त्येंच्या पाव्हन्यांना कोन आडवनार!"

मी आणि बायको धावत सुटलो. व्याही रुळावर बसलेले, चेहरा खडीपेक्षा कडक. "मास्तर, वेशीवर काळं कुत्रं नाही! हाच का मान?"

सूर्य डोंगराला टेकलेला, तांब्या रिकामा, धोतर कळंबकरांच्या खांद्यावर! शेवटी मुकादमानंच खडीवर शिंपडायचं पाणी पखालीतून ओतलं. त्यात लाल मुरूम कालवलेला. मी धूत होतो, आणि जितके धुवावेत तितके जावईबापूंचे पाय लाल होत होते! व्याही उठून गाडीकडं निघाले. बायको रडायला लागली. मला तर यमूचा चेहराच दिसू लागला.

एवढ्यात मागून कळंबचं सगळं वऱ्हाड हजर! म्हातारबाबांनी पोराच्या खांद्यावरचं धोतर काढून व्याह्यांपुढं धरलं.

"पाव्हनं, ह्यो मान तुमचा. चुकून आमाला भेटला. पर रागावू नगा. मानूस पाय लई मनापासून धुतो, बगा!"

व्याह्यांनी म्हाताऱ्याकडं पाहिलं, मग आपल्या मुलाच्या लालभडक पायांकडं पाहिलं, आणि त्यांना असं हसू फुटलं की रुळाचे बैल बिचकले. यमूच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या बरोबर मुहूर्तावर. वाजवायला दोन गावांचे सनईवाले!

आता रस्ता छान झालाय. यमूचा नवरा दर दिवाळीला त्यावरून ऐटीत येतो, आमच्या दारात थांबतो, पाय पुढं करतो आणि म्हणतो, "दादा, पाणी घालण्याआधी नीट बघून घ्या, मीच आहे ना?"

आणि मी खरंच वाकून बघतो!