दुकानाचा एकच कोट

पहिल्या नोकरीत मला सगळ्यात आधी शिकवलं गेलं ते डोकी मोजायला.

यवतमाळात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत फ्लेक्स छापायचं एक दुकान होतं. बी.कॉम. आणि तीन महिन्यांचा कम्प्युटर कोर्स एवढ्या भांडवलावर मी तिथे डिझायनर म्हणून लागले. पहिल्याच दिवशी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आला. खाली शुभेच्छुक बेचाळीस. मी बेचाळीसही जण अकारविल्हे लावले, सगळ्यांचे फोटो एका मापाचे केले आणि शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसले.

मालक मागे येऊन उभे राहिले. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे.

"हे काय होय?" त्यांनी विचारलं.

"अकारविल्हे लावलं, भाऊ."

"शाळेचं हजेरीबुक आहे काय हे? पोरी, हा पाह्य, हा दोनदा निवडून आलेला मानूस. अन् त्याले तू पानठेल्यावाल्याच्या खाली टाकून राह्यली. उद्या तो दुकानावर दगड मारन. तू झेलशीन काय?"

"बरं," मी म्हणाले. झेलते असं मला म्हणायचं नव्हतं, पण तेव्हा माझ्या तोंडून दुसरा शब्दच निघत नसे.

मग त्यांनी ड्रॉवरमधून प्लॅस्टिकची फूटपट्टी काढली आणि ती स्क्रीनवर लावून मला डोक्यांचं शास्त्र शिकवलं. ज्याचा वाढदिवस त्याचं डोकं एवढं. त्याच्या नेत्याचं त्याहून बोटभर मोठं. नेत्याच्या नेत्याचं वर, ढगात. शुभेच्छुकांमध्ये ज्याने पोरं जमवली त्याचं पहिलं, ज्याने नुसतं नाव दिलं त्याचं शेवटचं. दोन बरोबरीचे असले तर दोघांची डोकी मिलिमीटरपर्यंत सारखी. हा मिलिमीटर मला थट्टा वाटला होता. पण एक शुभेच्छुक खरोखरच खिशात मेजरटेप घालून आला, चौकात शिडी लावून स्वतःचं डोकं मोजून आला आणि आपण पाव इंच कमी भरलो म्हणून अर्धा तास दुकानात बसून राहिला. भाऊंनी त्याला चहा पाजला. मला नाही पाजला.

भाऊंचं दुसरं शास्त्र म्हणजे पुट्टी. गिऱ्हाईक कसंही असो, काळं, सावळं, देवीचे वण असलेलं, फ्लेक्सवर ते गोरंच दिसलं पाहिजे. चेहरा उजळून गुळगुळीत करायच्या कामाला दुकानात पुट्टी मारणं म्हणत. "दोन हात मार," ते मागून सांगायचे, आणि मी दोन हात मारायचे. तिसरं शास्त्र कोटाचं. आमच्या कम्प्युटरमध्ये एक निळा कोट होता, डाव्या बाजूला गुलाबाचं फूल लावलेला. कोणाचा तरी लग्नातला असावा. ज्याच्याकडे बऱ्या कपड्यातला फोटो नसे त्याचं डोकं कापून त्या कोटावर बसवायचं. एकदा आर्णीच्या एका चौकात तीन फ्लेक्स शेजारी शेजारी लागले, एक वाढदिवस, एक अभिनंदन, एक श्रद्धांजली. तिन्ही माणसं एकाच कोटात, एकाच गुलाबासकट. तक्रार एकानेही केली नाही. श्रद्धांजलीवाले आजोबा नव्वदीचे होते, त्यांना तो गुलाब त्यातल्या त्यात शोभत होता.

हे सगळं सांगताना मला हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. तेव्हा काहीच येत नव्हतं, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नोकरीला लागायच्या चार महिने आधी माझे बाबा गेले. ते आमच्या गावी, बोरी अरबला, रंगकाम करायचे. भिंती घासायच्या, पुट्टी भरायची, रंग द्यायचा. उन्हातान्हात काम करून रंगाने तव्यासारखे झालेले, डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा पांढरा वण, आणि उजव्या अंगठ्याचं नख दारात चेंगरून काळं पडलेलं. एका सकाळी चहा पिता पिता गेले. सगळे रडले, मी नाही. मला रडायचं होतं, पण आत कोणी घरीच नसल्यासारखं होतं. नात्यातल्या बायांनी ते लक्षात ठेवलं. "पोरीचं काळीज दगडाचं," एक जण माझ्यासमोरच म्हणाली. मी तिला पाणी नेऊन दिलं.

दुकानात मात्र या दगडाची किंमत झाली. माझ्या आधीची डिझायनर श्रद्धांजलीचे फ्लेक्स करताना गिऱ्हाइकासोबत रडायची आणि एका फ्लेक्सला दोन तास लावायची. माझे डोळे कोरडे पाहून भाऊंनी निधनाचं सगळं काम माझ्याकडे दिलं. घरचा माणूस गेलेले लोक समोरच्या स्टुलावर बसायचे, मोबाईल पुढे करायचे, आणि मी विचारायचे, "हसरा फोटो आहे का?" नसला तर ओठांचे कोपरे मीच जरा उचलायचे. ढग, हार, दोन समया. वीस मिनिटांत माणूस तयार.

आणि चौथा नियम, सगळ्यात कडक. त्या आधीच्या डिझायनरने एकदा एका मयताचा फोटो चुकून स्वतःच्या घरच्या ग्रुपवर टाकला होता, आणि तिच्या आत्याला भोवळ आली होती. तेव्हापासून संध्याकाळी निघताना भाऊ दारात हात पुढे करून उभे राहायचे. मोबाईल दाखवायचा. दिवसभरात आलेले सगळे फोटो उडवायचे, मग कचऱ्याच्या डब्यातूनही उडवायचे, चॅटसुद्धा पुसायचे. कम्प्युटरवरचेही तेच, फ्लेक्सच्या फायली तेवढ्या राहायच्या. "मेलेले लोकं घरी नेऊ नोका," ते म्हणायचे. मी रोज उडवायचे. बोटांना इतकी सवय झाली होती की साडेपाचची एस.टी. गाठायच्या घाईत मी न बघताच सगळे निवडून पुसून टाकायचे.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. घरी पहिल्या स्मृतिदिनाला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. आईने आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं.

"तू लोकायचे फोटो मोठे करून देतं. तुह्या बाबाचा एक करून दे."

बाबांचे फोटो दोनच होते. एक आधार कार्डावरचा, त्यात ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसत. आईला तो पाहवत नसे. दुसरा शेजारच्या लग्नातला. पंगतीत वरणाची बादली घेऊन वाढताना कोणीतरी हाक मारली आणि ते वळले, तेवढ्यात काढलेला. तोंड अर्धवट उघडं, कपाळावर घाम. ज्याने काढला त्याचा मोबाईल पुढे विहिरीत पडला. फोटो तेवढा माझ्या मोबाईलमध्ये राहिला होता.

मी भाऊंना विचारलं. मला वाटलं, नाही म्हणतील. पण ते म्हणाले, "तुह्या बापाचा फ्लेक्स माह्याकडून. पन काम एक नंबर पाहिजे. दुकानाची इज्जत आहे."

आणि ते माझ्या मागे उभे राहिले, जसे सगळ्यांच्या वेळी राहायचे.

"बादली काप. श्रद्धांजलीत बादली कोठी असते काय?"

मी चेहरा कापून घेतला.

"तोंड बंद कर. कोट घाल. भुवईवर डाग कायचा आहे? काढ तो. दोन हात मार अजून."

"बरं," मी म्हणाले आणि मारले. माझ्या स्वतःच्या बापाला मी वीस नाही, अकरा मिनिटांत तयार केलं. हात जराही अडखळला नाही. भाऊंनी फूटपट्टी लावून पाहिली आणि पहिल्यांदा "झकास" म्हणाले. मला त्याचं थोडं बरंसुद्धा वाटलं. ते आता आठवलं की लाज वाटते. संध्याकाळी त्यांनी हात पुढे केला, मी मोबाईल काढला आणि रोजच्यासारखं सगळं पुसलं.

कार्यक्रमाच्या सकाळी चुलतभावाने फ्लेक्स घरासमोर बांधला. आई पांढरं लुगडं नेसून बाहेर आली. वर पाहिलं, जवळ गेली, पुन्हा मागे आली.

"कोन होय हा मानूस?"

तिला खरंच कळलं नव्हतं. खाली नाव होतं, पण आईला वाचता येत नाही. मी सांगितलं. तिने मान डोलावली. मग वंदना झाली, लोकांनी मेणबत्त्या लावल्या, फुलं वाहिली, दोघा-तिघांनी फोटो छान आल्याचं सांगितलं. आई पूर्ण वेळ त्या फ्लेक्सकडे पाठ करून बसली होती.

लोक जेवून गेल्यावर ती माझ्याजवळ आली. "तो बादलीवाला दे मले. लहानसाच दे."

मी मोबाईल काढला. आणि मग मला कळलं मी काय केलं होतं ते. मी उगाच दोनदा, तीनदा शोधलं. आई शेजारी उभी होती. "नाही सापडत काय?" तिने विचारलं. "दुकानात आहे," मी खोटं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भाऊंना सांगितलं. मला वाटलं, नियम म्हणजे नियम असं काहीतरी ऐकवतील. ते खुर्चीत बसले, उठले, आणि दोन गिऱ्हाइकांना सांगितलं, "आज नाही होत, उद्या या." मशीन एक मिनिट बंद राहिली तरी ज्यांचा जीव वरखाली व्हायचा त्या माणसाने भरदुपारी शटर अर्धं ओढलं आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसून ते कम्प्युटरचा कोपरा न् कोपरा धुंडाळू लागले. मध्येच म्हणाले, "तुहा बाप म्हनून तरी तू पाह्यलं पाहिजे होतं." मग जरा वेळाने, "मीनं बी पाह्यलं पाहिजे होतं."

चेहरा मिळाला नाही. पुट्टी मारलेला पक्का झाला होता, त्याखालचा परत येत नाही. मिळालं ते उरलेलं. चेहरा कापल्यावर मागे राहिलेलं चित्र मी फाईलमध्ये खाली लपवून ठेवलं होतं, ते तसंच होतं. मळका पांढरा सदरा, मानेवर गोल भोक, आणि पुढे आलेला उजवा हात. हातात वरणाची बादली. बादलीच्या कडीवर काळ्या नखाचा अंगठा.

मी हात आणि बादली तेवढी ठेवली, बाकी कापलं. भाऊ मागे उभे राहिले. फूटपट्टी त्यांच्या हातात होतीच.

"बादली मोठी दिसून राह्यली," ते म्हणाले. "जराशी लहान कर. अन् नख काळं आहे, त्याच्यावर एक हात मार."

"नाही, भाऊ."

त्या दुकानात आठ महिन्यांत मी हा शब्द पहिल्यांदा वापरला. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, फूटपट्टी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि स्वतः जाऊन मशीन सुरू केली.

संध्याकाळी मी ते छापलेलं चित्र घरी नेलं. आईने दिव्याखाली धरलं आणि बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, आता विचारेल, तोंड कुठे आहे. तिने त्या नखावर बोट ठेवलं.

"हे मीनंच बांधून देलतं," ती म्हणाली. "तेल अन् हयद लावून. दोन दिवस दुखलं म्हने, पन कामावर गेलते."

तेव्हा मला रडू आलं. लाज सोडून, मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल इतकं. आईने मला रडू दिलं आणि ती फोटोसाठी खिळा शोधायला उठली.